मुलीचे अमेरिकेतील सिक्युरिटी क्लिअरन्स आणि पावसची बाग

बागायतदार_रत्नागिरी:
नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांपासून अमेरिकेत असून आता तेथील नागरिक आहे. संरक्षण खात्याची कामे घेणाऱ्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे, परंतु सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठी लागणारी सरकारी सुरक्षा मंजुरी) मिळाले तरच. पावस येथील हापूसची बाग माझ्या पत्नीच्या नावे होती आणि तिच्या निधनानंतर वारस नोंदीच्या अर्जात मी दोन्ही मुलांची नावे दिल्याचे आठवते. मुलगी माझ्या आईच्या औषधपाण्यासाठी दरमहा पैसे पाठवते. तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्या माझ्या धाकट्या भावाशी तिचे दर रविवारी व्हिडिओवर बोलणे होते. शेजारचे एक गृहस्थ म्हणतात, की क्लिअरन्सचा फॉर्म भरण्याआधी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यावे आणि काकांचा उल्लेखच टाळावा. हे योग्य ठरेल का?

गुहागर_ते_मेरीलँड:
काका, हा सल्ला कृपया मानू नका. मी स्वतः या चौकशीतून गेलो आहे.

८ जून २०१७ पासून लागू असलेल्या अमेरिकी निकषांमध्ये ‘परकीय प्रभाव’ हा स्वतंत्र निकष आहे. परदेशात नातेवाईक असणे हा त्यात दोष मानलेला नाही. त्या नात्यांच्या किंवा मालमत्तेच्या आधारे कोणी उमेदवारावर दबाव आणू शकेल का, एवढेच पाहिले जाते, आणि त्यात देश कोणता हेही विचारात घेतले जाते. तिचे घर, निवृत्तीची बचत आणि मित्रपरिवार अमेरिकेत असतील, तर त्यापुढे बागेतील हिश्शाचे वजन फारसे उरत नाही. मात्र माहिती दडवली, तर प्रकरण सचोटीच्या निकषात जाते आणि जी गोष्ट सहज समजावून सांगता आली असती तीच नकाराचे कारण होऊन बसते. शिवाय त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.

एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या फॉर्मच्या अठराव्या विभागात आई, वडील, भावंडे, सासू-सासरे येतात, काका येत नाहीत. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण एकोणिसाव्या विभागात गेल्या सात वर्षांत जवळचा किंवा सातत्याचा संबंध असलेल्या परदेशी नागरिकांची माहिती मागितलेली असते. दर रविवारी बोलणारे काका तेथे लिहावेच लागतील, आणि त्यांची पूर्वीची नोकरीही. आजींना पाठवलेले पैसे विसाव्या विभागात येतात.

आणखी एक. काही जण फॉर्म भरण्याआधी घरच्यांशी बोलणे कमी करायला सांगतात. तसे करू नये. जवळच्या कुटुंबीयांशी असलेले नाते वरवरचे नसते, हे तेथील अधिकारी गृहीतच धरतात.

हर्णैची_सून:
हक्कसोडपत्राबद्दल थोडे. परदेशातील स्थावर मालमत्ता कधीही नावावर होती का, तसेच पुढे मिळण्याची अपेक्षा आहे का, असे दोन्ही प्रश्न फॉर्ममध्ये आहेत. त्यामुळे आज हक्क सोडला तरी उत्तर ‘होय’ असेच राहील आणि घाईचे कारण वेगळे सांगावे लागेल. परदेशी नागरिक झालेल्या मुलीला शेतजमीन विकत घेता येत नसली, तरी वारसाहक्काने मिळालेली ती ठेवू शकते.

आंब्याचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, त्यावर तिचे नाव आहे का? परदेशातील सर्व खात्यांतील रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर अमेरिकेच्या अर्थ खात्याला त्याची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. ती राहून गेली असल्यास करसल्लागारांकडून आधी पूर्ण करून घ्यावी.

बागायतदार_रत्नागिरी:
आपणा दोघांचे आभार. काल सातबारा ऑनलाइन काढून पाहिला. माझ्या आणि मुलाच्या नावाखाली मुलीचेही नाव लागलेले आहे, तेही लग्नापूर्वीचे, आणि तिला याची कल्पनाच नव्हती. जिल्हा बँकेतील खाते मात्र माझ्या एकट्याचे आहे. फेरफाराची प्रत तलाठी कार्यालयातून सोमवारी आणतो आणि तिला पाठवतो. तिच्या काकांना मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, की माझी नोकरीची सगळी वर्षे तारखांसह लिहून देतो, चुकीची एकही जायला नको.