एसटीएम-१६ लिंक फक्त रात्री खराब होते, कार्ड बदललं तरी अलार्म जात नाही

घाटमाथा_ट्रान्समिशन:
नमस्कार मंडळी, कोयनानगर ते चिपळूण एसटीएम-१६ (२.५ जीबीपीएसची एसडीएच) लिंक आहे, फायबर ४८ किमी, दोन्हीकडे एल-१६.२ म्हणजे १५५० नॅनोमीटरवाली लांब पल्ल्याची ऑप्टिक्स. दहा दिवस झाले, संध्याकाळी सात-साडेसात नंतर चिपळूणला बी-२ एरर (पॅरिटी तपासणीत सापडणाऱ्या बिटच्या चुका) वाढायला लागतात, मग सिग्नल डिग्रेड आणि कधीकधी सरळ एलओएस (सिग्नलच गायब), त्याच वेळी कोयनेला एमएस-आरडीआय (समोरच्या टोकाला बिघाड असल्याचा अलार्म). सकाळी दहाच्या आसपास आपोआप क्लिअर. आरडीआय कोयनेला दिसतो म्हणून तिथलं लाइन कार्ड बदललं, त्या रात्री परत तेच. चिपळूणचा आरएक्स (रिसीव्ह पॉवर) दिवसा मायनस १३.५ डीबीएम, रात्री मायनस २९ पर्यंत जातो, कोयनेचा आरएक्स मात्र दिवसरात्र मायनस १३. रिंग असल्यामुळे ट्रॅफिक दुसरीकडून चालू आहे पण ती बाजू तुटली तर सगळंच बसेल, झोप लागत नाही. थंडीमुळे घाटातला जॉइंट आकसत असेल का?

जुना_एसडीएचवाला:
भाऊ, आरडीआय ज्या टोकाला दिसतो त्याच्या रिसीव्हला काही झालेलं नसतं. समोरचा सिग्नलच्या हेडरमधल्या के-२ बाइटमधून सांगतोय की तुझा सिग्नल मला नीट मिळत नाहीये. म्हणजे बघायचं ते कोयनेचा टीएक्स (ट्रान्समीटर), चिपळूणचा आरएक्स आणि मधली ती एकच फायबर. रात्री कोयनेचा टीएक्स पॉवर वाचा, तो हलत नसेल तर कार्डांना हात लावू नका. हिशोब करा, ४८ किमीला किमीमागे ०.२२ डीबीने साडेदहा डीबी, जॉइंट-कनेक्टर धरून तेरा-चौदा, म्हणजे दिवसाचं रीडिंग बरोबर आहे. रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी मायनस २८, तुमचे १५ डीबी रात्री कुठेतरी अडतायत. आणि हो, कार्ड तपासायला नुसत्या पॅचकॉर्डने टीएक्स-आरएक्स लूप मारू नका, ओव्हरलोड मायनस ९ ला आहे, सिग्नल कमी करणारा १५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर टाकूनच मारा, नाहीतर चांगला रिसीव्हर हकनाक जाईल.

जॉइंटर_कोकण:
थंडीने १५ डीबी आणि ते पण एकाच फायबरला, मला नाही पटत. दुसरी फायबर त्याच क्लोजरमधून (जॉइंटच्या डब्यातून) जाते ना, ती पण थोडी तरी हलली असती. बेंड वाटतोय. ओटीडीआर (फायबरमध्ये लाइटचे पल्स सोडून लॉसची जागा दाखवणारं मशीन) १३१० आणि १५५० दोन्हीवर मारा, १५५० ला लॉस बराच जास्त आला तर फायबर कुठेतरी वाकली किंवा दबलीय, दोन्हीला साधारण सारखाच आला तर स्प्लाइस (फायबरचा जोड) नाहीतर घाण कनेक्टर. पण समोरचं कार्ड आधी सोडवा, ओटीडीआरच्या पल्सने रिसीव्हर खराब होतो. मशीन आणि लाइनच्या मध्ये लाँच केबल (जादा लांब फायबर) लावा, नाहीतर सुरुवातीचे मीटर डेड झोनमध्ये (मशीनला न दिसणाऱ्या भागात) जातात आणि पिगटेलचा (रॅकमधल्या कनेक्टरवाल्या छोट्या फायबरचा) घोळ दिसतच नाही. आणि रात्रीच मारा, दिवसा लिंक चांगली असताना मारून काय सापडणार. दहा दिवसांपूर्वी रॅकला कोणी हात लावला होता ते पण विचारा.

घाटमाथा_ट्रान्समिशन:
सापडलं! रात्री टीएक्स अधिक ०.८ वर स्थिर होता. लाँच केबल लावून कोयनेहून मारलं तर अगदी सुरुवातीला १५५० वर मोठा ड्रॉप आणि १३१० वर त्याच जागी खूपच कमी. दहा दिवसांपूर्वी नवीन ओडीएफ (फायबर जोडायची फ्रेम) बसवली तेव्हा ती पिगटेल बिजागरीच्या बाजूने काढली होती. दिवसा काम चालू म्हणून रॅकचं दार उघडं, संध्याकाळी वॉचमनकाका आठवणीने दार लावणार आणि पिगटेल चिमटणार! लाल लाइट टाकला तर दाबलेल्या जागी आवरणातून उजेड दिसत होता. पिगटेल बदलली, ट्रेमधून मोठा वळसा देऊन घेतली, कनेक्टर पुसले. दोघांचे मनापासून आभार. काल रात्री दार लावून चिपळूणला मायनस १३.६, बी-२ शून्य.