ओर्सिनोचं प्रेम एकनिष्ठ म्हणायचं का?

रंगपीठ:
शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' परवा पुन्हा वाचलं आणि शेवटाला पुन्हा तोच खडा दाताखाली आला. कथा थोडक्यात अशी: जहाज फुटून इलिरियाच्या किनाऱ्याला लागलेली व्हायोला पुरुषवेशात 'सेझारिओ' होऊन ड्यूक ओर्सिनोच्या चाकरीला राहते. जीव त्याच्यावर जडतो, पण त्याच्या वतीनं ऑलिव्हिया या उमराव घराण्यातल्या बाईकडे मागणी घेऊन जायचं तिलाच. ऑलिव्हिया भाळते या निरोप्यावर.

दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश बघा. ओर्सिनो आधी सांगतो, आपण पुरुष बायकांपेक्षा चंचल. त्याच प्रवेशात थोड्या वेळानं म्हणतो, बाईच्या काळजात माझ्याएवढं प्रेम मावणारच नाही! विदूषक फेस्टे मधल्यामध्ये त्याला टोला हाणून जातो: शिंप्यानं तुला धूपछाव कापडाचा अंगरखा शिवावा, तुझं मन म्हणजे ओपल, घडीघडीला रंग पालटणारं रत्न आहे. पाचव्या अंकात ते सिद्धच होतं. ऑलिव्हियानं सेझारिओ समजून व्हायोलाच्या जुळ्या भावाशी, सबॅस्टियनशी, लग्न केल्याचं कळतं आणि हे महाशय तिथल्या तिथे व्हायोलापुढे हात करतात. याला प्रेम म्हणायचं की रिकामी जागा भरणं?

नेपथ्य:
साफ असहमत. ओर्सिनो ऑलिव्हियाच्या प्रेमात होताच कुठे? पाचव्या अंकापर्यंत तो तिच्यासमोर एकदाही येत नाही. घरी बसून संगीत ऐकतो, उसासे टाकतो, माणसं पाठवतो. मनातलं सगळं बोलतो ते सेझारिओशी. 'माझ्या अंतरंगाची पोथी तुझ्यापुढे उघडली' असं पहिल्याच अंकात म्हणतो. म्हणजे माणूस बदललाच नाही, फक्त पत्ता चुकला होता.

रंगपीठ:
पत्ता चुकला होता म्हणे! ऑलिव्हियाचा जीव सेझारिओवर जडलाय म्हणून याच सेझारिओचा जीव घ्यायला निघतो तो. आणि व्हायोला आनंदानं मरायला तयार होते. एकनिष्ठ कोण, ते तिथेच दिसतं.

नेपथ्य:
त्याच ओळी नीट वाचा. 'ज्या कोकरावर माझं प्रेम आहे त्याचाच बळी देईन' असं म्हणतो. सेझारिओ मुलगी आहे हे तेव्हा त्याला ठाऊकही नाही.

तिरकस:
दोघंही राजवाड्यातच अडकलात. अँटोनिओ आठवतो का कुणाला? सबॅस्टियनला समुद्रातून वाचवणारा. ज्या शहरात आपल्याला धरतील हे माहीत आहे तिथे त्याच्या मागे जातो, पैशांची थैली त्याच्या हातात ठेवतो. पुढे सबॅस्टियन समजून व्हायोलाला सोडवायला तलवार उपसतो आणि पकडला जातो. थैली मागतो तर ती म्हणते, मी तुम्हाला ओळखत नाही. तिचीही चूक नाही म्हणा. शेवटी जुळी समोरासमोर उभी राहिल्यावर 'यातला सबॅस्टियन कोणता?' एवढं विचारतो, आणि त्यानंतर नाटककारानं त्याला एकही वाक्य दिलेलं नाही. बाकीच्यांच्या जोड्या जमतात, हा नुसता उभा. तुमच्या एकनिष्ठेला या नाटकात मिळालेलं बक्षीस ते हे.

जुनी_वही:
तिरकस, +१. पण ऑलिव्हियाला का सोडलंत? भावाच्या शोकात सात वर्षं तोंड दाखवणार नाही म्हणाली होती. सेझारिओच्या पहिल्याच भेटीत बुरखा वर! मला ती त्यामुळेच आवडते. शोकाची निष्ठा तिला पेलत नव्हती, आणि फेस्टेनं ते आधीच ओळखलं होतं: भाऊ स्वर्गात आहे ना, मग रडतेस कशाला? ओर्सिनोला चंचल म्हणणाऱ्यांनी निदान हिलाही तीच फूटपट्टी लावावी.

रंगपीठ:
लावली. ऑलिव्हिया चुकीच्या माणसाशी लग्न करते, पण निदान आपल्या पायांनी चालत जाते. ओर्सिनो अगदी शेवटच्या भाषणातही व्हायोलाला 'सेझारिओ' म्हणूनच हाक मारतो. तिचे बायकी कपडे तिला किनाऱ्यावर आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाकडे आहेत, आणि तो ऑलिव्हियाचा कारभारी मॅल्व्होलिओ याच्या फिर्यादीमुळे अटकेत, म्हणून ती शेवटपर्यंत पुरुषवेशातच. आणखी एक. ओर्सिनो 'हा माझा हात' म्हणतो त्यानंतर नाटक संपेपर्यंत व्हायोला एक शब्द बोलत नाही. होकार कुठे आहे?

नेपथ्य:
तो हात पुढे व्हायच्या आधी. आजवर जे जे बोलले ते सगळं पुन्हा शपथेवर सांगते, असं ती भर सभेत म्हणून बसलीय. आता आणखी किती वेळा वदवून घेणार तिच्याकडून?