मदत हवी आहे: रक्तवाहिन्या दोघींतही नाहीत, मग अभिस्तर भरून येतो आणि कास्थी का नाही?

नमस्कार मंडळी,

भाचीला प्राण्यांच्या ऊतींचा धडा शिकवताना मीच अडकले आहे. अभिस्तर (त्वचेचा वरचा थर किंवा आतड्याचं अस्तर यांसारखं आवरण), संयोजी, स्नायू आणि चेता हे चारही प्रकार तिला येतात. स्नायू ऊती आकुंचन पावते, चेता ऊती संदेश नेते, यात काही अडलं नाही. रक्त संयोजी ऊतीत कसं, यावर मात्र तासभर गेला. ‘जोडते ती संयोजी’ एवढंच धरलं तर रक्त कुठेच बसत नाही. शेवटी मी असं सांगितलं, की या ऊतीत पेशी एकमेकींना चिकटून नसतात, आधारकात, म्हणजे पेशींमधल्या पदार्थात, विखुरलेल्या असतात. हाडात तो आधारक क्षारांमुळे टणक, कास्थीत लवचीक आणि रक्तात पातळ, म्हणजेच रक्तद्रव. चुकत असेन तर सांगा.

खरी अडचण पुढे आली. तिला कान चिमटीत धरायला लावला. वरचा भाग दुमडून सोडला की पुन्हा ताठ होतो, ती कास्थी. पाळी मऊ, कारण तिथे कास्थी नाही. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती दुखावली की नीट भरून येत नाही, असंही सांगितलं. माझ्या गुडघ्याची कास्थी झिजली आहे, त्यामुळे हे वाक्य मला फार जवळचं.

त्यावर तिने बोट पुढे केलं. चार दिवसांपूर्वी कागदाची कडा लागून वरवर चिरलं होतं. तेव्हा रक्ताचा थेंब नव्हता आणि आता खूणही नाही. "मावशी, अभिस्तरातही रक्तवाहिन्या नसतात ना? मग हे कसं भरलं?"

तिला ‘असंच असतं’ म्हणून गप्प करायचं नाहीये. कुणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद

रक्ताबद्दलचं तुमचं बरोबर आहे. भाचीने नेमकी जागा पकडली आहे.

फरक दोन गोष्टींत आहे. अभिस्तराच्या अगदी खाली संयोजी ऊती असते आणि तिच्यात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पोषण तिथून झिरपून वर येतं. शिवाय त्वचेच्या अभिस्तराच्या तळाच्या पेशी सतत विभाजित होत असतात. वरचे थर गळतात, खालून नवे सरकतात, चिरलेल्या जागी कडेच्या पेशी सरकत येऊन फट बुजवतात. आतड्याचं अस्तर तर साधारण 4-5 दिवसांत नवं होतं.

कास्थिपेशी मात्र घट्ट आधारकातल्या छोट्या पोकळ्यांत अडकलेल्या असतात. त्यांना जखमेकडे सरकता येत नाही आणि प्रौढ वयात त्या फारशा विभाजितही होत नाहीत. कानाच्या कास्थीला निदान बाहेरून तंतुमय आवरण असतं, त्यातल्या रक्तवाहिन्यांतून पोषण मिळतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! मग गुडघ्यातल्या कास्थीचं काय? तिलाही असं आवरण असतं का?

प्रतिसाद

नाही. हाडांच्या टोकांवरच्या त्या कास्थीला आवरण नसतं. तिला पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून मिळतं. सांध्यावर भार आला की कास्थी दाबली जाऊन आतला द्रव बाहेर येतो, भार हलका झाला की पुन्हा आत शिरतो. हालचालच नसेल तर ही ये-जा मंदावते.

धागाकर्ती

म्हणून गुडघा हलता ठेवा म्हणतात होय! उद्या तिला ओला स्पंज पाण्यात दाबून दाखवते.