अनुभव धागा: तुमच्या गावात पायी फिराले बरं वाटते का?

पांदनवाला (अमरावती जिल्हा)
मंडळी, डॉक्टरनं बाबांना शुगरसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलं तर बाबा म्हणे, "कुठं चालू?" आता घरासमोर डांबरी रोड, मागे पांदन, बाजूला झेडपी शाळेचं ग्राऊंड, आणि माणूस म्हणते कुठं चालू. मग एकेक निघत गेलं. रोडवर टिप्पर अंगावर येतात, पांदनीत रानडुकरं असतात म्हणे (बाबांनी स्वतः पाहिलेली नाहीत), आणि ग्राऊंडवर पोट्टे क्रिकेट खेळतात, ते "आजोबा बाजूले व्हा" म्हणतात याचा राग. म्हणजे जागा आहे, पण बाबांच्या मनातल्या नकाशात ती नाही. तुमच्याकडे कसं आहे ते लिहा. गावाचं नाव नको, जिल्हा पुरे. ज्ञान कमी, अनुभव जास्त.

रिकामी बरणी (वर्धा)
मी लिहितेच. आमच्या गावात बाई नुसती फिराले निघाली की पारावरचे इचारतात, "काऊन वो, कुठं चालली?" आणि घरी सासूचं वेगळंच, फिराले वेळ आहे म्हणजे कामं कमी पडून राहिले. तर मी दुधाची रिकामी बरणी हातात घ्याले लागली. डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाले आहे, मी लंब्या वाटेनं जातो, येताना अजून लंब्या. बरणी पाहिली की कोणी एक शब्द काढत नाई. नंतर बचत गटातल्या दोघीजणी सोबत याले लागल्या, त्यायच्याबी हातात काही ना काही असतेच, एकीच्या हातात तर गिरणीचा डब्बा, आणि गिरणी सहाले बंद होते हे साऱ्या गावाले माहीत आहे 😄
रोड तोच, आधीबी तोच होता. फक्त एकटी असताना तो माह्या नव्हता वाटत.

पऱ्हाटी (यवतमाळ)
आमचं राळेगाव तालुक्याकडे. अवनी वाघिणीच्या वेळेस आमच्याइकडे संध्याकाळी पाचनंतर रस्ते सामसूम. २०१८ च्या नोव्हेंबरात ती मारल्या गेली, त्याला इतके वर्ष झाले, तरी आमच्या गावातून नाल्याच्या कडेनं जी पायवाट शेजारच्या गावाला जाते तिच्यावर आता माणूस दिसत नाही. पहिले शाळेचे लेकरं त्याच वाटेनं जात, आता ऑटोत. गवत वाढलं, गवत वाढलं म्हणून अजून भीती, भीती म्हणून अजून कोणी जात नाही, असं ते चाललं.
पण एक गोष्ट सांगतो, तोच माणूस जो सकाळी त्या वाटेनं फिरायला भितो, तो रात्री थ्री फेज लाइन आली की टॉर्च घेऊन वावरात मोटार चालू करायला एकटा जातो. त्याला इचारलं तर म्हणे ते काम आहे. म्हणजे भीती सगळीकडे सारखी लागत नाही, कारण असलं की माणूस निघते. फिरणं हे आमच्याकडे कारणात बसत नाही, बस.

मोहफूल (चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडची)
पऱ्हाटी भाऊंना अनुमोदन. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बाया पहाटे अंधारात मोह वेचायला जंगलात जातात, मेमध्ये तेंदूपत्ता, किती चालणं होते हिशेब नाही. वाघ खरंच आहे आमच्याकडे, माणसं गेलेली आहेत, हे काही मनाचे खेळ नाहीत. पण गावच्या मधल्या सिमेंट रोडवर संध्याकाळी चालायला काय हरकत आहे? तर व्हॉट्सॲप. कुठल्यातरी भलत्याच राज्यातला जुना व्हिडिओ "आपल्या गावाजवळ आत्ताच" म्हणून फिरते आणि पूर्ण हप्ता दारं बंद. वनविभागाचा गार्ड येऊन सांगतो की बाबा हा इथला नाही, तरी नाही. खरा वाघ जंगलात बाया थांबवत नाही, मोबाईलमधला रोडवर थांबवते.

फॉर्मवाली ताई (अमरावती)
मी बीपीएडला (शारीरिक शिक्षणाची पदवी) असताना प्रोजेक्टसाठी एक प्रश्नावली गावात भरून घेतली होती. २००३ मध्ये अमेरिकेत सेलन्स, सॅलिस वगैरे लोकांनी बनवलेली, नेबरहूड एन्व्हायरन्मेंट वॉकेबिलिटी स्केल. दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का, रस्ते जोडलेले आहेत का, ट्रॅफिक कसं, परिसर बघायला कसा, सुरक्षित वाटते का, असं सगळं लोकांच्या मते काय ते इचारते. चेन्नईत तिची भारतासाठी जमवलेली आवृत्तीही वापरली गेली आहे. गावात भरताना मजा. फूटपाथचा प्रश्न आला की लोक हसत. दुकान जवळ आहे का? हाव, पाच मिनिटावर, पण पोरगा गाडीनं जाते.
एकाच घरात दोन जावा. "संध्याकाळी चालायला सुरक्षित वाटते का", मोठी म्हणे एकदम हाव, लहानी म्हणे बिलकुल नाही. मोठीचं माहेर त्याच गावात, रस्त्यावरचं प्रत्येक घर तिच्या काकाचं नाहीतर मामाचं. लहानीला लग्न होऊन दोन वर्षं झालेली. घर एक, गल्ली एक, खांब एक. तेव्हा मला पटलं की टेपनं मोजलेला रस्ता आणि माणसाच्या डोक्यातला रस्ता जुळत नाही असं अभ्यासवाले का म्हणतात.
आकडा पाहिजे असेल तर, लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली आलं होतं की भारतात जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, बायांमध्ये ५७ टक्के, पुरुषांत ४२. पुरेशी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल, नाहीतर ७५ मिनिटं जोराची. निंदणाला जाणारी बाई यात आरामात पास होते हो, पण निंदण संपल्यावर चार महिने ती घरी बसते त्याचं काय. आणि ज्यांनी वावर ठेक्यानं दिलं त्यांचं तर बोलायलाच नको.

उन्हाळी भुईमूग (अकोला)
आमच्याकडे ओपन जिम आली. जागा कुठं मिळाली? स्मशानाच्या वाटेवर, कारण गावठाणातली तेवढीच जमीन रिकामी. आता त्या पाय हलवायच्या मशीनवर दिवसभर लेकरं झोके घेतात आणि गोल चकतीवर बकरी बसते, फोटो आहे माझ्याकडे. म्हाताऱ्यांना सांगा तिथं जा म्हणून, म्हणतात "जायचंच आहे, घाई कायची?"
बाकी एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्रीत अनुभव बिनुभव काही नाही, पहाटे नाहीतर रात्री. आणि रात्री कुत्रे.

८०० मीटर (बुलडाणा)
मी पोलीस भरतीची तयारी करते. पोरींना ८०० मीटर असते, पोरांना १६००. सुरुवातीला मी एकटी रोडवर पळायची तर गाडीवाले स्लो करून पाहत, एकदोघं सोबत सोबत गाडी चालवत. आईनं बंद केलं. मग पोरी जमवल्या, आणि आमच्या गल्लीतले एक रिटायर फौजी काका शिट्टी घेऊन मैलाच्या दगडाजवळ उभे राहू लागले, बस इतकंच, काही बोलत पण नाहीत, बिडी पितात 🙈. आता गावात म्हणतात "भरतीच्या पोरी आहेत". नाव पडलं की रस्ता मोकळा. माझ्या बहिणीला भरती नाही द्यायची, तिला फक्त पळायला आवडते, तिला अजूनही इचारतात कशाला पळते म्हणून.

आजी (नातवाकडून टाईप, वाशिम)
आमच्या वक्ताले बाया संध्याकाळी गोदरीले जात. घरी संडास झाले ते चांगलंच झालं, पोरीबाळीईले साप इंचवाची, माणसाईची भीती होती, ते दिवस वापस नको. पण मैतरनी भेटत, जाऊन येऊन बरंच चालणं होये, सुखदुख बोलनं होये. आता पाय दुखते. कोनाच्या घरी जाव तर सिरेल चालू.

तुरीची दाळ (वाशिम)
आजी, एकदम खरं. आमच्या गावच्या बायांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेच्या रोडवर लाईट मागितला, तिथं त्यांना संध्याकाळी फिरायचं होतं. सरपंच म्हणे पंधराव्या वित्त आयोगातून बसवतो. खांब खरंच आला, एलईडी पण आला. फक्त दिव्याचं तोंड देशी दारूच्या दुकानाकडे. बायांनी लाइनमनला पकडून तो फिरवून घेतला, आता दुकानवाला ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन फिरून राहिला.