बेनेदेत्तो कास्तेल्ली आणि वाहत्या पाण्याचे मोजमाप

प्रश्न
बेनेदेत्तो कास्तेल्ली यांची ओळख बहुतेक ठिकाणी गॅलिलिओचे शिष्य आणि तोरिचेल्लीचे गुरू एवढ्यावरच आटोपते. हा बेनेडिक्टाइन साधू नद्यांच्या अभ्यासाकडे कसा वळला आणि वाहत्या पाण्याच्या मोजमापावरील त्यांच्या १६२८ च्या ग्रंथात नवे काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
१६१३ पासून ते पिसा येथे आणि पुढे रोमला गणित शिकवत होते. रेनो नदी पो नदीत सोडावी असा बोलोन्या शहराचा आग्रह होता आणि फेरारा शहराचा त्याला कडवा विरोध होता. या वादाच्या पाहणीसाठी १६२५ मध्ये मोन्सिन्योर (चर्चमधील एक पदवी) कोर्सिनी यांच्याबरोबर कास्तेल्लींना पाठवण्यात आले.

तोवर नदीचे पाणी मोजायचे म्हणजे पात्राची रुंदी आणि खोली मोजायची, अशीच रीत होती. १५९८ च्या महापुरानंतर वास्तुकार जोव्हान्नी फोन्ताना यांनी रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीला मिळणारे ओढे आणि नद्या मोठ्या कष्टाने मोजल्या, पण त्यांच्या छेदांची (प्रवाहाच्या आडव्या कापाच्या क्षेत्रफळांची) बेरीज रोममधील पुलाखालच्या छेदापेक्षा कितीतरी जास्त भरली, तेव्हा पुलाखाली पाणी दाबले जात असावे असा निष्कर्ष त्यांनी काढला. कास्तेल्लींनी नेमके यावरच बोट ठेवले : पाणी दाबले जात नाही, ते वेगाने जाते. नदी स्थिर वाहत असेल तर तिच्या प्रत्येक छेदातून सारख्या वेळात सारखेच पाणी जाते, म्हणून छेद जितका लहान तितका वेग जास्त. पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे जे क्युसेकचे (सेकंदाला घनफुटांचे) आकडे आपण वाचतो, त्यांच्या मुळाशी छेद आणि वेग यांचा हाच गुणाकार आहे.

प्रतिसाद २
वरील माहितीला एक पुरवणी. हे तत्त्व लिओनार्दो दा विंचीच्या टिपणवह्यांत आधीच सापडते, पण त्या अप्रकाशित राहिल्या, त्यामुळे श्रेय कास्तेल्लींना देणे मला रास्त वाटते. मात्र वेग खोलीच्या सरळ प्रमाणात वाढतो हे त्यांचे मत टिकले नाही. भांड्याच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग भोकावरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे १६४४ मध्ये त्यांच्याच शिष्याने, तोरिचेल्लीने, मांडले. गुरूंचे निधन त्याच्या आदल्याच वर्षी झाले होते.

प्रतिसाद ३
१६३९ मध्ये त्यांनी गॅलिलिओला लिहिलेले पत्रही वाचण्यासारखे आहे. इटलीतील त्रासिमेनो सरोवराची पातळी घटली असताना जवळच्या पेरुज्या शहरात पाऊस लागला, तेव्हा त्यांनी वीतभर उंचीचे, नळकांड्याच्या आकाराचे काचपात्र उघड्यावर ठेवून तासाभरात किती पाणी साठते ते पाहिले आणि त्यावरून संपूर्ण पावसात सरोवर किती चढले असेल याचा हिशेब केला. पाऊस मोजण्याचा पहिला मान अर्थात त्यांचा नव्हे; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रदेशवार पर्जन्यमान दिलेले आहे आणि अपरान्ताचे, म्हणजे आपल्या कोकणाचे, ‘अमित’ (अमाप) म्हणून सोडून दिले आहे. कास्तेल्लींनी मात्र पात्रातल्या पाण्याची उंची थेट सरोवराच्या पातळीला लावली. सरोवराचे क्षेत्रफळ मोजण्याची गरजच पडली नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र तितकाच पाऊस पडला असे त्यांनी धरले होते.