मोठ्या शहरांची जलसुरक्षा मोजताना एकच निर्देशांक पुरेसा आहे का?

प्रश्न : पाणलोट

नमस्कार. नागरी नियोजनाच्या अभ्यासाचा भाग म्हणून दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या काही शहरांच्या जलसुरक्षेची तुलना करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आधार म्हणून यूएन-वॉटर या संयुक्त राष्ट्रांच्या जलविषयक समन्वय यंत्रणेची २०१३ मधील व्याख्या घेतली आहे. पुरेसे व योग्य दर्जाचे पाणी कायम मिळत राहणे, जलप्रदूषणापासून व पाण्याशी निगडित आपत्तींपासून संरक्षण आणि परिसंस्थांचे जतन हे सारे तिच्यात येते. व्याख्या व्यापक आहे, पण ती आकड्यांत उतरवायला बसले की अडचणी सुरू होतात.

सध्या माझ्या तक्त्यात चार रकाने आहेत : दरडोई दररोजचा पुरवठा, नळजोडणी असलेल्या घरांची टक्केवारी, धरणांतील साठ्याची टक्केवारी आणि प्रक्रिया होणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण. प्रत्येकाला १०० पैकी गुण देऊन सरासरी काढली, तर ज्या शहरात अनेक वस्त्या उन्हाळाभर टँकरवर काढतात आणि ज्या शहरात चोवीस तास नळाला पाणी असते, त्या दोघांचे गुण जवळजवळ सारखे येतात. तक्त्यातून नेमके काय निसटते आहे? शिवाय दरडोई नैसर्गिक उपलब्धतेचे १,७०० आणि १,००० घनमीटरचे परिचित निकष शहरांना लावावेत का, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जलगणित

आधी निकषांविषयी, कारण बहुतेक तुलना तिथेच घसरतात. स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्कनमार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा हा निकष एका माणसामागे वर्षाला निसर्गतः किती पाणी नव्याने उपलब्ध होते ते पाहतो : १,७०० घनमीटरखाली ताण, १,००० खाली टंचाई, ५०० खाली तीव्र टंचाई. त्यात अन्न पिकवण्याची गरजही गृहीत असल्यामुळे तो देशाच्या पातळीवर काही सांगतो. शहर मात्र आपले अन्न आपल्या हद्दीत पिकवत नाही आणि पाणीही बहुधा हद्दीबाहेरून आणते. सिंगापूर या मापाने ५०० च्या बरेच खाली जाते, तरी तिथला नळ कोरडा पडत नाही, कारण पावसाचे पाणी साठवणारी जलाशये, शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्यातून येणारे पाणी, २००३ पासून शुद्ध करून पुन्हा वापरात आणलेले सांडपाणी आणि २००५ पासून समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण असे चार स्रोत त्यामागे आहेत. (जोहोरशी १९६२ मध्ये झालेला करार २०६१ मध्ये संपतो, अशा तारखांची नोंदही मूल्यमापनात असायला हवी.) म्हणून माझा सल्ला असा की, हा निकष बाजूला ठेवावा आणि एकूण पुरवठ्यात सर्वांत मोठ्या स्रोताचा वाटा किती व तो बंद पडल्यास उरलेल्यांवर शहर किती दिवस निभावेल, हे पाहावे.

साठ्याच्या टक्केवारीबाबत अधिक सावध राहायला हवे. ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या कांतारेरा जलाशयसमूहातील साठा मे २०१४ मध्ये ८.२ टक्क्यांवर आला होता. त्याच महिन्यात पंप लावून मृतसाठा (धरणाच्या दरवाजांच्या पातळीखालचे, एरवी न वापरता येणारे पाणी) उपसण्यास सुरुवात झाली, तो हिशेबात धरला गेला आणि जाहीर होणारा आकडा पाऊस न पडताच २६ टक्क्यांच्या पुढे गेला. पाणी तेच होते. मोजण्याची तळरेषा खाली सरकली होती. त्यामुळे टक्केवारीऐवजी उपयुक्त साठ्याला रोजचा उपसा आणि बाष्पीभवन यांच्या बेरजेने भागून 'किती दिवसांचे पाणी' हा आकडा काढावा, आणि मृतसाठा वेगळा दाखवावा.

तुमच्या तक्त्यातून निसटते ती मात्र काळाची बाजू. हाशिमोतो, स्टेडिंगर आणि लाउक्स यांनी १९८२ मध्ये जलव्यवस्थेच्या मूल्यमापनासाठी तीन प्रश्न वेगळे केले : व्यवस्था किती वेळा कमी पडते, कमी पडल्यावर किती लवकर सावरते, आणि कमी पडते तेव्हा तूट किती खोल असते. समजा, दोन शहरांत वर्षातील ३६ दिवस पुरवठा गरजेपेक्षा कमी झाला. पहिल्यात हे दिवस वर्षभर विखुरलेले आहेत आणि प्रत्येक वेळी तूट दहा टक्क्यांची आहे. दुसऱ्यात ते सलग आहेत आणि पाणी निम्म्यावर आले आहे. विश्वसनीयता, म्हणजे पुरवठा पुरेसा असलेल्या दिवसांचे प्रमाण, दोन्हीकडे साधारण ९० टक्केच येईल, पण पहिल्या शहरातील बहुतेकांच्या ते लक्षातही येणार नाही आणि दुसऱ्यात शाळा व दवाखाने चालवणे कठीण होईल. वार्षिक सरासरीत हा फरक पुसला जातो.

गुणांची बेरीज करायचीच असेल, तर निदान गुणोत्तरी सरासरी घ्या, म्हणजे चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढा. ९०, ९०, ९० आणि १० यांची साधी सरासरी ७० येते, गुणोत्तरी सरासरी ५२ येते. मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये याच कारणासाठी साधी सरासरी सोडली : एका बाजूची दुरवस्था दुसऱ्या बाजूच्या समृद्धीने भरून निघू नये.

उत्तर : रात्रपाळी

वरील मांडणीशी सहमत आहे. जलवाहिन्यांच्या जाळ्यात काम करणारी म्हणून त्यात एका गोष्टीची भर घालते. दरडोई पुरवठ्याचा आकडा बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्रातून सोडलेल्या पाण्याला लोकसंख्येने भागून काढलेला असतो. ते पाणी नळापर्यंत पोहोचले की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

गळती तपासण्याची खात्रीची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. एखाद्या पुरवठा क्षेत्राच्या सीमेवरच्या सर्व झडपा बंद करून आत येणाऱ्या एकाच वाहिनीवर प्रवाहमापक ठेवला, तर त्या वेळी घरगुती वापर अगदी थोडा असल्यामुळे मापकावर दिसणारा प्रवाह मुख्यतः गळतीचा असतो. ही पद्धत चोवीस तास पुरवठा असलेल्या शहरात चालते. जिथे दिवसातून दोनच तास पाणी सोडले जाते, तिथे वाहिनीत दाबही तेवढाच वेळ असतो आणि गळतीही तेवढाच वेळ होते; परिणामी वाईट अवस्थेतील जाळेही कागदावर बरे दिसते. शिवाय पाणी सुटताना आधी हवा बाहेर पडते आणि तिनेही मीटरचे चक्र फिरते, म्हणजे ग्राहकाच्या मीटरवरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. पुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीत भोवतालचे दूषित पाणी भेगांतून शिरते, हा धोका तर वेगळाच. तेव्हा 'पुरवठ्याचे तास' आणि 'वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील दाब' हे दोन रकाने असल्याशिवाय गळतीची टक्केवारी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टक्केवारीची आणखी एक खोड अशी की, लोकांनी पाण्याची बचत केली की गळती तेवढीच राहूनही तिचे प्रमाण वाढलेले दिसते. दररोज प्रत्येक जोडणीमागे किती लिटर गळते, हे माप त्याहून प्रामाणिक आहे.

बेहिशेबी पाणी कमी करणे अशक्य असते असा समज असेल, तर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. १९९३ मध्ये तिथे ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. मीटर बसवणे, जुन्या वाहिन्या बदलणे आणि थकबाकीची कसोशीने वसुली यांमुळे पुढील दीड दशकात ते प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले.

उत्तर : उंबरठा

दोन्ही उत्तरे स्रोतापासून नळापर्यंत येतात. त्यापुढे घर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनपद्धतीत कुटुंबांना मागील चार आठवड्यांबद्दल बारा प्रश्न विचारले जातात : पाण्याची चिंता वाटली का, कपडे धुता आले का, हात न धुता राहावे लागले का, तहानलेले झोपावे लागले का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात आणि ३६ पैकी १२ किंवा अधिक गुण आल्यास ते कुटुंब पाण्याबाबत असुरक्षित मानले जाते. नळजोडणीची नोंद असलेल्या घरांतही असे गुण येऊ शकतात, आणि नेमके तेच तुमच्या दुसऱ्या रकान्यात दिसत नाही. अशी पाहणी शक्यतो पाण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण महिन्यात करावी आणि निकाल वस्तीनिहाय द्यावा.

उत्तर : तक्ताकार

थोडा वेगळा सूर लावतो. निर्णय घेणाऱ्यांसमोर वीस रकान्यांचा तक्ता ठेवला, तर तो कुणी वाचत नाही. आशियाई विकास बँकेच्या जलविषयक अहवालांत नागरी जलसुरक्षेला एकत्रित गुण दिले जातात आणि त्यामुळेच त्यांची चर्चा होते. एकच आकडा सदोष असतो हे मान्य, पण तो मुळीच नसला तर विषय मागे पडतो.

पाणलोट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. पूर आणि टंचाई एकाच गुणात धरावेत का? आणि खासगी कूपनलिकांचा उपसा कुठेच नोंदलेला नसेल, तर तो रकाना कसा भरावा?

जलगणित

पूर आणि टंचाई वेगळे ठेवा. चेन्नईत २०१५ च्या अखेरीस महापूर आला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. दोहोंची सरासरी काढली तर शहर मध्यम दिसेल, जे ते कोणत्याही वर्षी नव्हते. तक्ताकारांचा मुद्दा रास्त आहे, म्हणून एक आकडा जरूर द्या. मात्र त्याच पानावर सर्वांत कमकुवत घटकाचे नाव आणि त्याचे गुण द्या, आणि भारांक (प्रत्येक घटकाला दिलेले वजन) थोडे बदलल्यास शहरांचा क्रम किती हलतो तेही दाखवा. क्रम सहज उलटत असेल, तर ती क्रमवारी छापू नये, गट करावेत.

मागणी खाली आणण्याची क्षमताही एक घटक धरा. केपटाऊनचा रोजचा वापर २०१५ च्या सुमारास १२० कोटी लिटरच्या आसपास होता. २०१८ मध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा घातल्यानंतर तो ५० कोटींच्या जवळ आला आणि पाऊस येईपर्यंत शहराने नळ बंद पडू दिले नाहीत. धरणाच्या आकडेवारीत हे सामर्थ्य दिसत नाही.

कूपनलिकांसाठी निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी किमान दहा वर्षांची पाहा. प्रत्येक पावसाळ्यानंतरची पातळी आदल्या वर्षीपेक्षा खाली जात असेल, तर उपसा भरपाईहून अधिक आहे, हे नोंदी नसतानाही कळते. जमीन खचत असल्याचे उपग्रहीय मापनही उपयोगी पडते. मेक्सिको सिटीत भूजल उपशामुळे काही भाग वर्षाला ४० सेंटिमीटरहून अधिक खचतात आणि त्या खचण्याने जलवाहिन्याही फुटतात. यातले काहीच उपलब्ध नसेल, तर तो रकाना रिकामा ठेवा आणि किती रकाने रिकामे राहिले, ती संख्या शहराच्या नावापुढे लिहा.