लोशन सतत फाटतंय, मदत हवी आहे

कोरडीठाक: बदाम तेल, शिआ बटर, मेण आणि पाणी. ब्लेंडर ५ मिनिटं फिरवला तरी तासाभरात वर तेल, खाली पाणी. आता तिसरा घाणा फाटलाय. काय चुकतंय? मिश्रण समोरच आहे, लवकर सांगा.

काटेतोल: मेण कोणतं? मापं? दोन्ही भाग किती गरम होते?

कोरडीठाक: मेण म्हणजे मेण, मधमाशांचं. मापं चमच्याने. तेल गरम, पाणी साधं.

काटेतोल: मग फाटणारच. मधमाशांचं मेण घट्टपणा देतं, तेल-पाणी बांधून ठेवत नाही. इमल्सिफायिंग वॅक्स हवं. त्यात थंड पाणी ओतलंत की मेण तिथल्या तिथे गोठतं.

जुनाखल: मेणाबरोबर चिमूटभर बोरॅक्स (टाकणखार) घातला की बांधतं. जुनं कोल्ड क्रीम असंच व्हायचं.

काटेतोल: बांधतं, कारण मेणातल्या आम्लांचा साबण होतो. पण क्रीम अल्कधर्मी होतं. त्वचेचा सामू (pH) ५ च्या आसपास, त्यात ती आधीच कोरडी. कशाला?

शिआप्रेमी: पाण्याची भानगडच नको! शिआ ७५ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, वितळवून फ्रीजमध्ये झटपट गार करा आणि फेटा. हळू गार केलंत तर रवाळ होतं.

काटेतोल: ते बटर झालं, लोशन नव्हे. नुसतं तेलकट आवरण पाणी अडवतं, आणत नाही. ओलसर अंगावरच लावायला हवं.

१०० ग्रॅम लोशनसाठी: डिस्टिल्ड पाणी ७१, ग्लिसरीन ४, तेल व शिआ मिळून १६, इमल्सिफायिंग वॅक्स ५, सिटाइल अल्कोहोल (घट्टपणासाठी) ३, प्रिझर्व्हेटिव्ह १. सगळं वजनावर, चमच्याने नाही. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेल-वॅक्स दुसऱ्यात. दोन्ही ७०-७५ अंशांवर आणून मग एकत्र. ब्लेंडर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर हवा भरते. गार होईपर्यंत ढवळत राहा. फिनॉक्सीइथेनॉलवालं प्रिझर्व्हेटिव्ह ४० अंशांखाली आल्यावर.

हिरवंपान: केमिकल कशाला? व्हिटॅमिन ई घाला, टिकतं.

काटेतोल: व्हिटॅमिन ई तेलाचं खवट होणं लांबवतं. बुरशीला ते अडवत नाही.

केशसंभार: कोंड्याला हे चालेल का? माझ्या मते टी ट्री तेल उत्तम.

शिआप्रेमी: अवांतर नको. तरी टी ट्री १ टक्क्याच्या आत ठेवा.

कोरडीठाक: वॅक्स आणते. तोवर हेच परत गरम करून वापरू का? पाण्याऐवजी थोडा कोरफडीचा गर होता, ताजा. आणि पहिल्या घाण्यावर काळे ठिपके आलेत, तो वरवर काढून चालेल ना?

काटेतोल: हे आधी सांगायचं ना! ठिपके म्हणजे बुरशी, ती आतपर्यंत असते. तो घाणा पूर्ण टाका, बरणीही. समोरचाही टाका; ताज्या गराचं लोशन प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही.

जुनाखल: बोरॅक्सवर अजून कुणी बोललं नाही.